डोंगा कुठून सोडायचा

सिमिटाच्या घाटावरून डोंगा सोडू नोको, रेवता.
तो घाट नावाचा दगड लावाले बांधला कोन्या पुढाऱ्यानं.
पायऱ्यांवर शेवाळ, खाली विसर्जनाच्या सळया,
डोंग्याचं बूड फाटते.

तू जुन्या गावाच्या रस्त्यानं जाजो.
बेशरमाच्या झुडपातून पायवाट निंघते,
मंग डांबर लागते तळपायाले,
अना ते डांबर तसंच पान्यात उतरते
मधल्या पांढऱ्या पट्ट्यासकट.
फुलचंदची म्हैस बसते तथी. तिले उठवू नोको.
म्हैस जेथवर बसली तेथवर गाळ नाही.

संक्रांतीपर्यंत पानी मैलाच्या दगडापाशी राहते,
दगडावर लिवलं आहे, खैरीटोला १.
होळी झाली का पुलाच्या कठड्यापाशी.
मिरगाच्या तोंडावर तर रस्ता उघडा पडते पार
यष्टीच्या थांब्यापर्यंत,
तवा डोंगा ओढत न्या लागते, थांब्यात सावली आहे,
दम घेजो.

आता जागा आयक.
मोबाईलचा टॉवर अना पल्याडचा वाळला मोह
एकामागं एक आले का वल्हं थांबव.
खाली शाळा आहे.
पटांगणात कतला चरते, सकाळी, ऊन यायच्या आधी.
जाळं मातर उगवतीकडून टाकजो:
झेंड्याचा पाईप अजून उभा आहे,
माझी दोन जाळी खाल्ली त्यानं.

धानाच्या बांध्यांत झिंगे.
पाटलाच्या विहिरीच्या तोंडाशी वाम,
जिवंतपनी त्या विहिरीवर आमाले कोनी चढू दिलं नाही.
आता मी वरून जातो, डोंग्यात बसून,
तंबाखू थुंकून.

धरनाचा भोंगा वाजला तर
कितीदा वाजला ते मोजत बसू नोको. काठ धर.
ठेकेदाराचा मानूस दिसला तर पावती दाखव,
दोनी बाजू दाखव, त्याले वाचता येत नाही
पन पलटवून पाहते.

हे सारं मी खाटेवरून सांगतो.
डोऱ्यांवर साय आली आहे,
भंडाऱ्याच्या दवाखान्यातली तारीख अजून लांब आहे.
रेवता चुलीपाशी जाळं शिवते, हं म्हनते,
मंग म्हनते,
मोह तोडला, बा. दिवाळीतच तोडला.

मोह तोडला?

मंग तुले शाळा सापडते कशी?

दोरीले वरवंटा बांधला, म्हनते.
सोडत सोडत जातो.
मातीवर तो गप बसते,
सिमिटावर टक् करते,
धान्याच्या बांधीत पायाखाली बेडूक आल्यावानी लागते.
दोरीले गाठी मारल्या आहेत, हाताहातावर.

वरवंटा कोनता?

आईचा. दुसरा आहे कुठं घरात?

मी कूस बदलली.
जाळ्यातून सुई जायाचा आवाज येत राहिला.
मंग तिनंच काढलं:
चावडीपासून मावळतीकडं, चार वल्ही,
तथी वरवंटा ओट्यावर टेकला. खालून दगड, बाजूनं दगड,
आंगनात असते तसा चौकोन.
तथी मरळ होती, बा. माझ्या हाताएवढी.
काल गळाले लागली.
तू बाकी साऱ्या जागा सांगितल्या,
हे काहून नाही सांगितली?

केवढी भरली? मी इचारलं.

दोन किलोले शंभर ग्राम कमी.

इकली?

इकली. तीनशे वीसनं. पानटपरीवाल्या रुपलालनं घेतली,
पयसे उद्या देतो म्हनाला.

तो उद्या देत नाही, मी म्हटलं.
अना तथी सारखा गळ टाकू नोको.
जागा थंडी पडते.

ती उठली. दोरी सोडल्याचा आवाज आला,
एक गाठ, दुसरी गाठ,
मंग वरवंट्यावर पानी ओतल्याचा,
मंग पाट्यावर मिरची.